वादळात घर गेलं, विमा नव्हता: आयकरात काय मिळतं?



३ जून २०२० चा दिवस कोकणातली माणसं विसरलेली नाहीत. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. कित्येक घरांचे मालक नोकरीसाठी इंदूर, बडोदा, हैदराबादला. घराचा विमा? गावच्या घराचा विमा आपल्यापैकी किती जण काढतात, हे आपणच आठवून पाहावं.

अशा वेळी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "चार लाख खर्च झाला. रिटर्नमध्ये दाखवून कर वाचेल का?" अमेरिकेत राहणारा भाचा सांगतो, तिकडे वाचतो. खरं आहे. तिथे सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत घराचं नुकसान झालं, तर काही अटींवर वजावट मिळते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. राहत्या घराचं नुकसान पगारातून वजा करता येत नाही. ही गोष्ट आधी पक्की समजून घेऊ, म्हणजे पुढे फसगत होणार नाही.

मग हाती काय उरतं?

पहिलं, दुरुस्तीच्या कर्जाचं व्याज. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं, तर वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व्याज वजा होतं. तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या प्रणालीत राहत्या घराला हे नाही. समजा ४ लाखांवर ९ टक्क्यांनी ३६,००० व्याज भरलं. वजावट ३०,००० ची. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह वाचले ६,२४० रुपये. गृहकर्जाचं व्याजही चालू असेल, तर दोन्ही मिळून मर्यादा २ लाखांची. दुरुस्तीच्या कर्जाची मुद्दल ८०सी मध्ये बसत नाही. आणि वजावट मालकालाच मिळते. घर वडिलांच्या मालकीचं आणि कर्ज मुलाने काढलं, तर मुलाला काही नाही.

दुसरं, भाड्याने दिलेलं घर. इथे भरलेला घरपट्टीसारखा कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दोन्ही प्रणालींत. दुरुस्तीला पाच हजार लागोत की पाच लाख, आकडा तोच. वादळानंतर भाडेकरू गेला आणि घर काही महिने रिकामं राहिलं, तर प्रत्यक्ष मिळालेलं कमी भाडं हिशोबात धरता येतं.

तिसरं, सरकारी मदत. केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेकडून आपत्तीची भरपाई मिळाली, तर ती १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(१०बीसी) नुसार करमुक्त. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे; कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच. मात्र त्याच नुकसानीपोटी, समजा धंद्याच्या हिशोबात, आधीच वजावट घेतली असेल, तर तेवढी रक्कम करमुक्त नाही.

खरी धावपळ करायची ती या मदतीसाठी. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये होते. किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५००. त्यासाठी पंचनामा हवा. महाराष्ट्रात तलाठी, मध्य प्रदेशात पटवारी, जिथे जो असेल त्याला गाठा. मलबा हलवण्याआधी फोटो काढा. तुम्ही परगावी असाल, तर शेजाऱ्याला लगेच फोन करा.

चौथं, पावत्या. कौलं परत चढवली ती दुरुस्ती झाली; तिचा पुढे उपयोग नाही. पण कौलांच्या जागी स्लॅब टाकला, खोली वाढवली, तर तो सुधारणेचा खर्च. पुढे घर विकताना तो खरेदीच्या किमतीत मिळवून भांडवली नफा कमी दाखवता येतो. म्हणून बिलं जपा, पैसे शक्यतो बँकेतून द्या.

आता एक सावधगिरी. "तुमचा रिफंड काढून देतो, दहा टक्के मला" म्हणणारे भेटतात. ते खोटी वजावट टाकतात. सापडल्यावर कर, व्याज आणि चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड तुमच्याकडून वसूल होतो, त्याच्याकडून नाही. घर आधीच गेलंय, त्यात ही भर कशाला?

हिशोब सरळ आहे. चार लाखांच्या खर्चात आयकर सहा हजारांचा हात देतो. उरलेला भार उचलायला पंचनामा आणि, पुढच्या पावसाळ्याआधी, विमा. गावच्या घराचं काय करायचं, हे या सुट्टीत भावंडांशी बसून ठरवा.

भेटू पुढच्या भागात.