शनिवार तेली आणि ग्रीक सुभेदार

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं नवगांव म्हणून एक खेडें आहे. बेने इस्राएल बांधवांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत याच किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि बुडालेल्यांस तेथेंच पुरण्यांत आलें. स्वदेश सोडून ते पळाले कोणाच्या भयानें? परंपरा उत्तर देते, अँटायोकस एपिफानीस या ग्रीक राजाच्या.

हा राजा सिरियाच्या सेल्युकस घराण्यांतला, राज्यकाळ इ. स. पूर्वी १७५ ते १६४. इ. स. पूर्वी १६७ च्या सुमारास त्यानें यहुद्यांस सुंता व शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांति, यांची मनाई केली. त्याचा सेनानी अपोलोनियस जेरुसलेमास आला तो शांततेचें सोंग घेऊन. शनिवार येईपर्यंत तो थांबला आणि लोक कामधाम सोडून स्वस्थ आहेत असें पाहून त्यानें कत्तल केली, असें मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत सांगितलें आहे. शोमरोनचा सुभेदारही याच नांवाचा. पुष्कळ पंडित दोघांस एकच मानतात. यहूदा मक्काबीनें या सुभेदारास रणांत मारिलें व त्याचीच तरवार पुढें जन्मभर वापरली.

जो शनिवार तेथें प्राणघातक ठरला, तोच कोंकणांत ओळखीची खूण झाला. हे लोक घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें. ग्रंथ गेले, परंतु सुंता, शब्बाथ व शेमा ही प्रार्थना राहिली. पेणकर, किहीमकर, दिवेकर अशीं आडनांवें घेऊन ते मराठीच बोलूं लागले.

या परंपरेस आधार काय? इ. स. पूर्वी १६४ मध्यें मंदिर पुन्हा शुद्ध झालें, त्याचा उत्सव हनुक्का. तो या लोकांच्या जुन्या आचारांत नव्हता. तेव्हां ते त्यापूर्वींच निघाले असावेत, असा तर्क करितात. परंतु सणाचें विस्मरणही होऊं शकतें. म्हणून हा तर्कच होय, शिलालेख नव्हे.

आम्हां चिंचवडकरांस हा इतिहास दूरचा नाहीं. पुण्यास रास्ता पेठेंत त्यांचें १९२१ सालचें प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर मात्र बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं.

वाचकहो, ‘तेली’ म्हणून आपल्या समाजानें त्यांस पंक्तीबाहेरच ठेविलें, हें विसरून आत्मस्तुति करूं नये. तथापि त्यांचा घाणा शनिवारीं चालवा, असा हट्ट कोणी धरिला नाहीं. कुलाचार जपणाऱ्या घरांनीं शेजाऱ्याच्या कुलाचारासही तितकीच जागा ठेवावी. सुभेदारास जें उमगलें नाहीं, तें निदान आपणांस उमगावें.