न दिसणारा पेनड्राइव्ह

२००१ साली बंगळूर येथे ‘सिंप्युटर’ नावाचा एक तळहातावर मावणारा संगणक लोकांपुढे मांडण्यात आला. भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय व रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि त्याच शहरातील एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे प्रभृती मंडळी यांनी तो सिद्ध केला होता. त्यामागील कल्पना मोठी मार्मिक होती. ज्या कुटुंबास संगणक परवडत नाही त्याने तो विकत घेण्याचे कारण नाही. यंत्र गावाचे असावे आणि प्रत्येकाजवळ केवळ आपापले स्मार्ट कार्ड असावे. कार्ड यंत्रात सरकवावे, काम आटोपावे आणि कार्ड घेऊन घरी जावे. यंत्र सामाईक, माहिती मात्र ज्याची त्याची. यंत्र चालत असे ते लिनक्स या प्रणालीवर, जिची घडण कोणासही वाचून पाहता येते. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ या नावाने हे यंत्र बाजारात आले. खप मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडा झाला.

सिंप्युटर मागे पडला, तरी ती मांडणी टिकून आहे. शाळेत किंवा ग्रंथालयात आज संगणक संस्थेचा असतो व पेनड्राइव्ह विद्यार्थ्याचा. म्हणूनच लिनक्सवर चालणाऱ्या संगणकास जोडलेला पेनड्राइव्ह पडद्यावर उमटला नाही, म्हणजे कोणाचा तरी वर्षभराचा प्रकल्प किंवा उद्याच भरावयाचा अर्ज अडून राहतो. अशा वेळी ‘फॉरमॅट करून पाहा’ असा सल्ला देणारा कोणी तरी जवळपास असतोच. याहून वाईट सल्ला नाही. पेनड्राइव्ह ‘दिसत नाही’ या एकाच तक्रारीत निरनिराळे चार बिघाड दडलेले असू शकतात, आणि त्यांपैकी बहुतेकांत आतील माहितीस काडीइतकाही धक्का लागलेला नसतो.

पहिली पायरी विजेची. यूएसबीच्या नेहमीच्या खटक्यात चार पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन पट्ट्या ५ व्होल्टची वीज पुरवितात, आतल्या दोन माहितीची ने-आण करतात. वीज आधी पोहोचावी म्हणून बाहेरच्या पट्ट्या मुद्दाम किंचित लांब ठेवलेल्या असतात. परिणामी अर्धवट बसलेल्या पेनड्राइव्हचा दिवा लागतो, परंतु संभाषण होत नाही. दिवा लागला म्हणजे जोडणी झाली, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. बाहेरून जोडावयाच्या डिस्कची केबल केवळ चार्जिंगची असेल, तरी नेमके असेच घडते.

दुसरी पायरी ओळखीची. पेनड्राइव्हमधील १.५ किलोओहमचा एक रोधक माहितीच्या एका तारेवरील विद्युतदाब वर खेचतो. तेवढ्यावरून कोणी तरी आल्याची वर्दी संगणकास मिळते. मग संगणक ‘आपण कोण?’ असे विचारतो, आणि पेनड्राइव्हने १८ बाइटांच्या एका छोट्या वर्णनातून उत्तर द्यावयाचे असते. त्यात उत्पादकाचा व वस्तूचा क्रमांक असतो. हा सारा संवाद लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या रोजनिशीत टिपून ठेवतो. टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी ही पाच रोमन अक्षरे सलग उमटविली की ती रोजनिशी समोर येते. कित्येक संगणकांवर त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. वर्णन वाचता आले नाही असे सांगून पुढे उणे ११० हा आकडा दिसला, तर उत्तर वेळेत आले नाही असे समजावे. उणे ७१ असेल तर संभाषण मध्येच विसकटले. दोन्ही प्रसंगी मधला हब किंवा जोडकेबल काढून टाकावी आणि संगणकाच्या पाठीमागील खाचेत पेनड्राइव्ह थेट बसवावा. फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर विजेचाही विचार करावा, यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाहाची हमी देत नाही.

रोजनिशीत नवी नोंदच नसेल तर दोष पहिल्या पायरीवर शोधावा. नोंद आहे, ओळखही पटली आहे, तर एल-एस-बी-एल-के ही आज्ञा द्यावी. तीत एस-डी-ए, एस-डी-बी अशा नावांनी डिस्क व त्यांचे विभाग मांडलेले दिसतात. ही तिसरी पायरी. येथे आकारावरून आपला पेनड्राइव्ह ओळखावा आणि पुढे सरकावे.

चौथी पायरी खरी कसोटीची, कारण फॉरमॅटचा मोह होतो तो येथेच. पेनड्राइव्हचे नाव यादीत आहे, आकार बरोबर आहे, आणि तरीही तो उघडत नाही. पुष्कळदा त्याचे कारण असे, की आतील माहिती ज्या पद्धतीने लावलेली आहे ती पद्धत त्या संगणकास ठाऊक नाही. मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे असतात. मायक्रोसॉफ्टने तिचे तपशील २०१९ साली खुले केले, आणि त्याच वर्षीच्या ५.४ या आवृत्तीत तिचा वाचक प्रथम लिनक्सच्या गाभ्यात आला. शाळेतील जुन्या प्रणालीत तो नसला, तर वेगळा बसवावा लागतो. एनटीएफएस पद्धतीची डिस्क विंडोज पूर्णपणे बंद न करता काढली असेल, तर तीवर ‘काम अपुरे’ अशी खूण राहते व लिनक्स ती उघडण्याचे नाकारतो किंवा केवळ वाचू देतो. विंडोजच्या संगणकास ती पुन्हा जोडून, तो नीट बंद करून मग डिस्क काढली, की ही अडचण सहसा दूर होते.

असे अपुरे काम लिनक्सवरही राहू शकते. फाइल उतरली असे पडद्यावर दिसते, तरी तिचा काही अंश अजून संगणकाच्या स्मृतीतच असतो. ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना दिली, की तो पेनड्राइव्हवर पूर्णपणे लिहिला जातो.

रोजनिशीत वाचनदोषाच्या ओळी पुनःपुन्हा उमटू लागल्या तर मात्र पेनड्राइव्हची स्मृतीच झिजली आहे असे धरावे. मग तीवर कोणतीही दुरुस्ती करू नये. डीडीरेस्क्यू या मुक्त साधनाने, वाचता येईल तेवढा सगळा मजकूर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि पुढील सर्व खटपट त्या प्रतीवर करावी.