गोळ्या लिहिल्या किती, लागल्या किती?

शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला अफूवर्गीय वेदनाशामकाच्या किती गोळ्या लिहून द्याव्यात? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ३३ रुग्णालयांतल्या रुग्णांकडून याचा हिशेब घेतला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लिहून दिलेल्या गोळ्यांचा मध्यक निघाला ३०, प्रत्यक्ष घेतलेल्यांचा अवघा ९. उरलेल्या गोळ्या घरात पडून राहतात आणि भलत्याच्या हाती लागू शकतात. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, चिठ्ठीवर गोळ्या जास्त असल्या तर रुग्णांनी त्या घेतल्याही जास्त. प्रत्येक जादा गोळीमागे सरासरी अर्धी.

म्हणूनच प्रिस्क्रिप्शनचा दर्जा मोजावा लागतो. औषधे वेगवेगळी असल्याने सगळ्यांची मात्रा आधी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या मापात आणतात. १० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन म्हणजे १५ मिलिग्रॅम मॉर्फिन. मग डिस्चार्ज कार्ड तपासतात. अफूवर्गातली दोन औषधे एकत्र दिली आहेत का? जोडीला बेन्झोडायझेपिन गटातले झोपेचे औषध आहे का? दोन्हींनी श्वास मंदावतो, म्हणून ही जोडी धोक्याची. वॉर्डात औषध दिल्यावर १२ तासांच्या आत नॅलॉक्सोनचा उतारा द्यावा लागला, तर त्याचीही नोंद होते. कर्करोगाचे रुग्ण डिस्चार्जच्या निकषातून वगळलेले असतात, कारण त्यांची गरजच वेगळी.

पण कमी लिहिणे म्हणजे चांगले लिहिणे नव्हे. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतले आकडे अनेक ठिकाणी कायद्यासारखे राबवले गेले आणि जुनाट वेदनेच्या रुग्णांचे औषध एकदम तोडले गेले. २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. २०२२ मध्ये सूचनाही बदलल्या. मिशिगन विद्यापीठाने नीट वाट दाखवली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरची मात्रा २५० वरून ७५ मिलिग्रॅमवर आणली आणि पुन्हा औषध मागणारे रुग्ण वाढले का, हेही पाहिले. ते वाढले नाहीत.

भारतात दुखणे उलटे आहे. मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, तरी वेदनेने तळमळणाऱ्या असंख्य कर्करुग्णांपर्यंत ते पोहोचत नाही. आपल्याकडचे ऑडिट फक्त लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे झाले, तर हे रुग्ण त्यात दिसणारच नाहीत. ज्याला औषध द्यायला हवे होते आणि दिले गेले नाही, त्याचा केसपेपरही तपासलाच पाहिजे.