रविवारचे प्रवचनकार

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या रविवारच्या उपासनांचा सारा कारभार एका छापील कागदावर चाले. त्याला नुसतं ‘प्लॅन’ म्हणत. दर तीन महिन्यांनी तो निघे. डावीकडे गावोगावची चॅपलं म्हणजे प्रार्थनागृहं, वर रविवारच्या तारखा आणि मधल्या चौकटींत आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक प्रवचनकार. त्यांची नावं ज्येष्ठतेनुसार त्याच कागदावर असत, उमेदवारांची सगळ्यांत खाली.

यांतले पगारी पाळक मोजकेच. बाकीचे लोकल प्रीचर : शेतमजूर, खाणकामगार, चांभार, विणकर. आठवडाभर पोटाचा धंदा करायचा आणि रविवारी नेमलेल्या गावी, बहुधा पायीच, जाऊन उपासना चालवायची, तीही बिनपगारी. न कळवता दांडी मारली, तर तिमाही सभेत जाब द्यावा लागे.

मात्र कुणीही उठून व्यासपीठावर चढत नसे. आधी चाचणीचं प्रवचन, मग उमेदवारी, मग ज्येष्ठांसमोर तोंडी परीक्षा. वेस्लियन शाखेत पंथसंस्थापक जॉन वेस्लीची प्रवचनं वाचलेली असावी लागत. शाळा जेमतेम पाहिलेली माणसं त्यासाठी जिद्दीनं वाचायला बसत. स्त्रियांच्या प्रवचनांवर वेस्लियन परिषदेनं १८०३ मध्ये कडक बंधनं घातली. प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या दुसऱ्या शाखेनं मात्र त्यांना व्यासपीठ दिलं. जॉर्ज एलियटच्या ‘अ‍ॅडम बीड’ कादंबरीतली प्रवचनकार डायना मॉरिस लेखिकेच्या मेथडिस्ट काकूवरून सुचलेली आहे.

चॅपलमध्ये कमावलेली वाणी चॅपलपुरती राहिली नाही. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावचा शेतमजूर जॉर्ज लव्हलेस हा वेस्लियन लोकल प्रीचर. मजुरी घटत चालली, तेव्हा त्यानं सोबत्यांना घेऊन संघटना बांधली. बेकायदा शपथ दिल्याचा ठपका ठेवून १८३४ मध्ये त्याच्यासह सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. देशभर निषेध उसळला आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

पुढे ७ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी वॉरिकशरमधल्या वेल्सबर्न गावी चेस्टनटच्या झाडाखाली मजुरांची तोबा गर्दी जमली. काठ्यांना कंदील टांगलेले. डुक्कर कापायच्या बाकड्यावर उभा राहून बोलत होता जोसेफ आर्च : कुंपणं छाटण्यात तरबेज मजूर आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट प्रवचनकार. त्याच वर्षी राष्ट्रीय शेतमजूर संघ उभा राहिला. १८८५ मध्ये आर्च संसदेत निवडून गेला.

सभा चालवणं, हिशेब ठेवणं, भरल्या सभेत न अडखळता बोलणं, हे सगळं या माणसांना चॅपलनं शिकवलं. ज्यांना जमीनदारासमोर टोपी काढून उभं राहावं लागे, त्यांचं बोलणं इथे सारा गाव मन लावून ऐके. इंग्लंडच्या कामगार चळवळीला तिचे वक्ते फुकट मिळाले नाहीत. त्यांना घडवण्याचं मोठं श्रेय चॅपलला जातं.