खाजेची मांजर, साखरेची मांजर
जळगाव-धुळ्याकडे मांजरीला दूध-भाकरी घालायची रीत जुनी. मधुमेही मांजरीला मात्र भाकरी नकोच, ती पक्की मांसाहारी. इन्सुलिन आणि कमी पिष्टाच्या आहाराने तिचा मधुमेह कधीकधी इतका शमतो, की इन्सुलिनही सुटतं. पण तो उलटूही शकतो. एक नेहमीचं कारण म्हणजे खाजेवर दिलेलं स्टेरॉइड. ते इन्सुलिनचं काम अडवतं. म्हणून आधी खाजेचं कारण शोधावं. ती अन्नाच्या ॲलर्जीची आहे का, हे कळायला पूर्वी न खाल्लेलं मांस, समजा बोकडाचं, तेवढंच निदान ८ आठवडे द्यावं. शेजारच्या काकूंचं वाटीभर दूधसुद्धा नाही (हेच सर्वांत अवघड!). या मांसात टॉरिन, कॅल्शियम पशुवैद्यांना विचारून घालावं. आहार बदलला की साखर एकदम उतरू शकते, म्हणून इन्सुलिनची मात्राही तेच ठरवतील. खानदेशातल्या मे महिन्यात इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नको.