मोबाईल हिसकावण्याआधी
ऑनलाइन गेममध्ये अनोळखी खेळाडू आधी गोड बोलला, मग त्याने ‘मुलगा की मुलगी?’ असे विचारले आणि लगेच नग्न फोटो मागितले. मुलीने गेम बंद करून आईला सांगितले. अभिनेते अक्षय कुमार यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत पोलिसांच्या कार्यक्रमात सांगितलेला हा त्यांच्या 13 वर्षांच्या मुलीचा अनुभव.

कोल्हापुरातल्या घरात हेच घडले, तर मूल सांगेल? आपले पहिले वाक्य ‘आण तो मोबाईल इकडे!’ हेच असते. ‘घरी कळले तर?’ या भीतीवरच फसवणारा जगतो. ती भीती मुलाला गप्प बसवते, मग धमक्या येतात, पैसे मागितले जातात.

फोटो गेलाच असेल तर पैसे देऊ नका, मागणी वाढतच जाते. चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. सायबर हेल्पलाइन 1930, मुलांसाठी 1098. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपसारख्या खासगी चॅटमध्ये मात्र हा ठसा पोहोचत नाही.