एका कुपीत शंभर कोंबड्या

वीरच्या वाडीत कोंबड्यांना लस टोचायची ती दिवेलागणीनंतरच. दिवसभर परसात उकिरडा उकरत फिरणारी गावठी कोंबडी हाती लागत नाही. खुराड्यात शिरली की निमूट सापडते. घरातली बाई एकेक कोंबडी काढून देते, पशुधन पर्यवेक्षक पंख उघडून कातडीखाली अर्धा मिली आर-टू-बी टोचतात, मी बॅटरी धरते. आठवडाभराच्या पिलांना डोळ्यात लासोटाचा एक थेंब पुरतो.

ही लस राणीखेतची. वाडीत म्हणतात मानमोडी, नाहीतर नुसतंच ‘मर आली’. हिरवी हगवण, तोंड उघडून घरघर, लोंबते पंख, शेवटी पिळवटलेली मान. यावर औषध नाही. लस नसलेल्या घरचं अख्खं खुराडं काही दिवसांत रिकामं होतं.

रोग पसरतो तो बहुतेक आपल्याच हातांनी. देवाच्या राखणीसाठी बाजारातून आणलेला कोंबडा थेट घरच्या कोंबड्यांत सोडतात. मर लागली की उरलेल्या स्वस्तात विकून टाकतात, म्हणजे रोग पुढच्या गावाला जातो. मेलेली ओढ्याकाठी टाकली की कुत्री आणि कावळे बाकीचं काम करतात. नवं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं डालायचं आणि मेलेलं चुना घालून खोल पुरायचं, एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

ब्रॉयलरच्या शेडमध्ये रोजची मरतूक वहीत लिहितात. परसातली मर कुठेच लिहिली जात नाही. 2006 साली नवापूरला आणि 2025च्या जानेवारीत आपल्याच रायगड जिल्ह्यात उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मात्र सरकारी यंत्रणा धावली. राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्ही रोगांची लक्षणं इतकी सारखी, की निदान प्रयोगशाळेतच होतं. म्हणून अचानक मर आली तर पाखरं विकू नयेत, हाताळू नयेत, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची. बर्फात ठेवायची, एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवायची, नाहीतर वाया. एका घरात कोंबड्या दहा-बारा. म्हणजे आठ-दहा घरांनी एकाच संध्याकाळी खुराडी उघडली तरच कुपी सार्थकी लागते. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांसोबत लसीची तारीखही ठरायला हवी. अंड्या-कोंबड्यांचे पैसे हे बाईच्या हक्काचे, कुणापुढे हात न पसरता खर्चायचे. ते राखायला लस आहेच. घरांनी एकत्र यायला हवं.